उत्तर मागू नका, कागद मागा

(माहितीचा अधिकार दिनानिमित्त सोलापुरात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाराज आणि जमलेली मंडळी,

एवढी गर्दी बघून मला आधी शंकाच आली. शेजारी बसलेल्या गृहस्थांना विचारलं, आज पाण्याची पाळी कुणाकडं आहे? ते म्हणाले, इकडं उद्या. मग हिशोब जुळला. आपल्या गावात सभेची तारीख ठरवताना वक्ता मोकळा आहे का हे नंतर बघतात, आधी नळाचं बघतात. तेव्हा मधेच कुणाच्या घरून 'पाणी आलंय' असा फोन आला, तर त्यानं खुशाल उठावं. मी मनावर घेणार नाही. उजनी धरणाच्या पाण्यापुढं व्याख्यान म्हणजे काहीच नाही.

पत्रिकेवर विषय छापलाय 'माहितीचा अधिकार : अर्जापासून द्वितीय अपिलापर्यंत'. विषय आयोजकांनी दिलाय. अपिलापर्यंत मी पोचेन, शब्द देतो. पण त्याआधी माझं एक जुनं दुखणं आहे, ते मांडल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. आयोजकांना ते माहीत आहे, तरी त्यांनी मला बोलावलं, म्हणजे चूक त्यांची.

माझी सगळी नोकरी अभिलेख कक्षात झाली. तुम्ही ज्याला रेकॉर्ड रूम म्हणता. कुठलं कार्यालय ते विचारू नका, पेन्शन चालू आहे. अर्ज लिहिणारे खूप जण तुम्हाला अर्ज कसा लिहावा हे सांगतील. मी टेबलाच्या पलीकडं बसलेला माणूस आहे. अर्ज आल्यावर आत काय होतं, कुठल्या अर्जावर साहेब हसतात आणि कुठल्या अर्जावर साहेबांचा चहा थंड होतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. त्यावरून सांगतो, शंभरातले बरेच अर्ज माहितीचे नसतातच. ते भांडणाचे असतात.

आमच्या गल्लीतल्या अण्णांचंच घ्या. अण्णांचा जन्म यंत्रमागावर गेला. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, दुकानदाराशी कानडी, आणि राग आला की तिन्ही एकदम. आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला. झाला म्हणजे कागदावर व्यवस्थित झाला. पहिल्या पावसाळ्यात वरची साय निघाली, दुसऱ्या पावसाळ्यात खडी मोकळी झाली. त्यात नळाची लाइन टाकायला कुणीतरी कडेला खोदलं आणि रस्त्याचं पोट उघडं पडलं. अण्णांनी अर्ज लिहिला. तो अर्ज मी जपून ठेवलाय, वाचून दाखवतो.

'आमच्या गल्लीतील रस्ता एवढा निकृष्ट का झाला? याला जबाबदार कोण? जबाबदार व्यक्तीवर आजपर्यंत कारवाई का केली नाही? जनतेच्या पैशाची अशी उधळपट्टी करताना आपणांस लाज कशी वाटत नाही, याची माहिती मिळावी.'

हसू नका. शेवटच्या प्रश्नाची माहिती कुठल्याच कार्यालयात अभिलेखावर उपलब्ध नसते, हे मी खात्रीनं सांगतो. अण्णांना उत्तर आलं, मुदतीत आलं आणि अगदी कायदेशीर आलं: 'आपली मागणी प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने माहिती देता येत नाही.' अण्णा तो कागद घेऊन माझ्या दारात. "बघा मालक, हा तुमचा कायदा."

आता यात कार्यालयाचं काय चुकलं? माझ्या मते काही नाही. कायद्याच्या कलम २ मध्ये माहिती म्हणजे काय ते लिहिलंय. अभिलेख, दस्तऐवज, टिपण्या, ई-मेल, परिपत्रकं, आदेश, करार, अहवाल, नमुने. म्हणजे जे आधीच कुठंतरी लिहून, छापून, साठवून ठेवलंय ते. 'का' हा प्रश्न त्यात नाही. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं सीबीएसईच्या उत्तरपत्रिकांच्या प्रकरणात हे स्पष्टच सांगितलं. विद्यार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघायला मिळाली पाहिजे, हे त्याच निकालात आहे. आणि कार्यालयानं नसलेली माहिती नव्यानं तयार करून देण्याची, स्वतःचं मत किंवा सल्ला देण्याची गरज नाही, हेही त्याच निकालात आहे. पहिलं वाक्य आपण मिरवतो. दुसरं साहेब लोकांनी पाठ केलंय.

किराणा दुकानात जाऊन आपण 'माझ्या घरात साखर का नाही' असं विचारत नाही. एक किलो साखर द्या म्हणतो. माझं दुखणं एवढंच आहे. उत्तर मागू नका, कागद मागा. आणि कागद मागायचा तर त्याचं नाव माहीत पाहिजे.

सरकारी कार्यालयात कुठलीही गोष्ट कागद उमटल्याशिवाय हलत नाही. चांगली नाही आणि वाईटही नाही. तुमचा अर्ज आला की आधी बारनिशीत, म्हणजे आवक-जावकच्या टेबलावर, नोंद, मग ज्या टेबलाला गेला तिथल्या कार्यविवरण नोंदवहीत नोंद, मग नस्तीत, म्हणजे फायलीत, टिपणी, टिपणीवर सही, सहीखाली तारीख. काम संपलं की वर्गवारी. 'अ' म्हणजे कायम ठेवायचं, 'ब' म्हणजे ३० वर्षं, 'क'मधलं दहा नाहीतर पाच वर्षं, 'ड' म्हणजे वर्षभरात रद्दी. आमच्याकडं टेबलावरचे कागद ठरलेल्या सहा गठ्ठ्यांत लावायची 'सहा गठ्ठे पद्धत' होती, अजूनही आहे, निदान तपासणीच्या आदल्या दिवशी तरी असते. तेव्हा 'सापडत नाही' असं कुणी म्हटलं, तर विचारावं, कुठल्या गठ्ठ्यात सापडत नाही?

राजस्थानातल्या बायाबापड्यांना हे आपल्या आधी कळलं. मजदूर किसान शक्ती संघटन, अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह ही मंडळी. १९९४ पासून त्यांनी गावोगाव जनसुनावण्या घेतल्या. तिथं काय करायचे? सरकारी कामांवरच्या मजुरांचे हजेरीपट वाचून दाखवायचे. फक्त वाचायचे. पटावर मजुरी घेतलेल्यांत मेलेल्यांची नावं निघायची, गाव सोडून गेलेल्यांची निघायची. भाषण करायची गरजच नव्हती, गावच बोलायचं. १९९६ साली ब्यावरला चाळीस दिवस धरणं धरलं, ते 'आम्हाला न्याय द्या' असल्या मोघम मागणीसाठी नव्हतं. बिलं, व्हाउचर आणि हजेरीपट यांच्या नकला द्या, ही मागणी होती. आपला २००५चा कायदा त्या हजेरीपटातून निघालाय. आपल्या महाराष्ट्रात तर त्याआधीच, २००२ साली, राज्याचा कायदा आला होता आणि त्यामागं अण्णा हजारेंची उपोषणं होती. आमच्या गल्लीतल्या अण्णांना वाटतं दोन्ही अण्णांचा काहीतरी संबंध आहे. मी मोडता घालत नाही.

तर मी अण्णांना नवीन अर्ज लिहून दिला. त्यात एकही प्रश्नचिन्ह नव्हतं. अमुक गल्लीतील रस्त्याच्या कामाचं मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, अंतिम देयक, गुणनियंत्रण चाचणीचे अहवाल, आणि करारातलं दोषदायित्व कालावधीचं, म्हणजे किती काळ दुरुस्ती ठेकेदारानंच करायची त्याचं, कलम. वर एक ओळ: 'सदर नस्तीचे अवलोकन करू द्यावे.' ही ओळ माझी लाडकी. लोकांना वाटतं माहितीचा अधिकार म्हणजे झेरॉक्सचा अधिकार. कलम २(जे) वाचा. कागद बघायचा अधिकार आहे, त्यातून टिपून घ्यायचा आहे, आणि कागद कशाला, प्रत्यक्ष काम बघायचा आहे. त्याहून पुढं, साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा आहे. रस्त्याचा तुकडा, रेशनचा तांदूळ, शाळेच्या खिचडीतली डाळ. वीस वर्षांत नमुना मागणारा अर्ज माझ्या टेबलावर जवळजवळ आलाच नाही. आणि हजार हजार पानं मागणारे गठ्ठ्यानं आले. अशा माणसाला दोन रुपये पानाप्रमाणं दोन हजारांचं पत्र गेलं की तो परत येत नाही, हे आतल्या लोकांना पक्कं ठाऊक असतं. बघायला मात्र पहिला तास फुकट, पुढं पंधरा मिनिटांना पाच रुपये. आधी बघा, चार पानांवर खूण करा, तेवढ्याच नकला मागा. आठ रुपयांत काम.

अण्णांच्या अर्जाला उत्तर आलं, 'सदर नस्ती शोधूनही सापडत नाही.' हे उत्तर वाचून अण्णा खचले, मी खुश झालो. कारण प्रश्नार्थक वगैरे म्हणायला जागाच उरली नव्हती. आम्ही त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडं प्रथम अपील केलं आणि त्यात महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ याचा उल्लेख टाकला. माहिती अधिकाराच्याच वर्षीचा हा धाकटा भाऊ, फारसा कुणाला माहीत नाही. सार्वजनिक अभिलेख बेकायदा हलवला किंवा नष्ट केला तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सुनावणीला अपिलीय अधिकाऱ्यांनी एवढंच विचारलं, "मग नस्ती हरवल्याची फिर्याद दिली का?" पुढच्या आठवड्यात नस्ती सापडली. कपाटाच्या मागं पडली होती म्हणे. मी इतकी वर्षं कपाटांमध्ये काढली. कपाटाच्या मागं पाल, पेन आणि लग्नाच्या पत्रिका पडतात, दोरी बांधलेली नस्ती पडत नाही. असो. मिळाली.

अवलोकनाच्या दिवशी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आले, खिशात मोजायची पट्टी. कनिष्ठ अभियंता पोरगेलासा होता, बिचारा नंतर बदलून आलेला. मोजमाप पुस्तिका उघडली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, पानांना छापील क्रमांक असतात आणि रकाने ठरलेले: कामाचा तपशील, लांबी, रुंदी, जाडी, परिमाण. आमच्या रस्त्याची नोंद होती लांबी १४०.०० मीटर, रुंदी ३.५०, जाडी ०.१५, परिमाण ७३.५ घनमीटर. गुणाकार बिनचूक. अण्णा बराच वेळ त्या पानाकडं बघत राहिले. जन्मभर कापडाची मापं घेतलेला माणूस. म्हणाले, "साहेब, आमची गल्ली एकशेबारा मीटरला संपते. पुढं भिंत आहे. भिंतीपलीकडं शाळेचं ग्राउंड. उरलेला अठ्ठावीस मीटर रस्ता शाळेत जातो का?"

पोरगा म्हणाला, "ते ॲप्रोचमध्ये, जोडरस्त्यात, धरलं असेल."

"कशाचा ॲप्रोच? भिंतीचा?"

मग अण्णांनी फोनमधला फोटो काढला. खोदलेल्या कडेला पट्टी उभी धरून काढलेला. सिमेंटची जाडी पट्टीवर दहा सेंटिमीटरच्या आत. पुस्तिकेत पंधरा. त्या खोलीत कुणी कुणावर ओरडलं नाही. अण्णांनी 'लाज वाटत नाही का' हे वाक्य अर्जात लिहिलं होतं तेव्हा सगळे हसले होते. आता न लिहिता सगळे खाली बघत होते. कागद मागण्यात ही ताकद आहे.

तुम्हाला वाटेल, आता रस्ता झाला असेल. नाही. ठेकेदाराकडून जादा दिलेली रक्कम वसूल करण्याचं पत्र निघालं. वसुली झाली की नाही, त्याचं चलन मी पाहिलेलं नाही. चलनाच्या प्रतीचा अर्ज अण्णांनी गेल्या महिन्यात टाकलाय. तेही आता कागदाची नावं घ्यायला शिकलेत. बायकोनं भाजीचा हिशोब सांगितला तर व्हाउचर मागतात म्हणे.

एक कडू गोष्टही बोलतो, कारण समोर तरुण मुलं बसलीत. गाडीच्या काचेवर 'आरटीआय कार्यकर्ता' असं लिहून फिरणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत. अर्ज टाकायचा, ठेकेदाराला फोन करायचा, मग 'माझे समाधान झाले' असं लिहून द्यायचं. अशा दहा जणांमुळं अण्णांसारख्या माणसाकडं आत संशयानं बघतात. खरं तर कायद्यात अर्जाचं कारण सांगायचीच सक्ती नाही, कलम ६(२). तरी 'कशाला पाहिजे?' हे विचारलं जातंच. तुम्ही शांतपणे म्हणायचं, कलम सहा दोन. आणि बसायचं. ज्या गावच्या नगरपालिकेवर १९३० साली तिरंगा चढला, ज्या गावानं मार्शल लॉ सोसला आणि चार हुतात्मे दिले, त्या गावच्या माणसानं शिपायाच्या 'कशाला पाहिजे'ला घाबरावं, हे काही बरोबर दिसत नाही.

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे.' अध्यक्षमहाराज, पत्रिकेवरचा विषय मी अजून काढलाच नाही. बरं, आता भराभर घेतो, लिहून घ्या.

अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये, म्हणजे नियमांतल्या ठरलेल्या नमुन्यात, जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. दारिद्र्यरेषेखाली असाल तर दाखला जोडा, शुल्क नाही. राज्याच्या नियमांत २०१२ पासून एक अर्ज एक विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे. कागदांची नावं लिहायला दीडशे शब्द पुष्कळ होतात, शिव्या द्यायला कमी पडतात. राज्याचं ऑनलाइन पोर्टलही आहे. पण रेल्वेचं मंडल कार्यालय, पोस्ट, एनटीपीसी, भविष्य निर्वाह निधी ही केंद्राची कार्यालयं. तिथं कोर्ट फी तिकीट चालत नाही, पोस्टल ऑर्डर लावा किंवा केंद्राच्या पोर्टलवर भरा. विडी कामगार बायकांनी हे खास लक्षात ठेवा. पीएफचा दावा अडकला असेल तर 'पैसे कधी मिळतील' असं लिहू नका. 'माझ्या दाव्यावर तारीखवार झालेली कार्यवाही, तो कुठल्या अधिकाऱ्याकडं किती दिवस होता त्याची नोंद' एवढं मागा. पुष्कळदा माहितीच्या आधी पैसेच येतात.

चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर त्यांनी पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा, तुम्हाला परत करायचा नाही. उत्तराची मुदत ३० दिवस; जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. मुदत टळली तर नकला फुकट द्याव्या लागतात, कलम ७(६). हे कुणी आपणहून सांगत नाही.

साखर कारखान्यांबद्दल नेहमी विचारतात, आपला जिल्हाच तसला. सहकारी संस्था आपोआप या कायद्याखाली येत नाही, सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली सांगितलंय. पण सरकारी कार्यालय कायद्यानं जी माहिती त्या संस्थेकडून मागवू शकतं, ती त्या कार्यालयाकडून तुम्हाला मागता येते. म्हणजे एफआरपीचे, उसाला द्यायच्या किमान दराचे, कागद कारखान्याच्या गेटवर मागू नका, साखर सहसंचालकांकडं मागा.

नकार आला तर कलम ८ आणि ९ बघा. त्यात नकाराची कारणं ठरलेली आहेत, त्यांच्या बाहेरचं कारण चालत नाही. आणि नकार योग्य होता हे सिद्ध करायचं ओझं अधिकाऱ्यावर, तुमच्यावर नाही. वैयक्तिक माहितीचं कलम, ८(१)(जे), २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं पार आखूड केलं. आधी त्यात लिहिलं होतं की जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही. ते वाक्य गेलं. माझ्या मते हा कायद्यावरचा सगळ्यात मोठा घाव आहे. हजेरीपटावरची नावंसुद्धा उद्या 'वैयक्तिक' म्हणून झाकता येतील. यावर खरं तर तासभर बोलायला हवं. सध्या एवढंच, की ८(२) शाबूत आहे. व्यापक जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. अर्जातच जनहिताची एक ओळ टाकून ठेवा.

अपील. पहिलं त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडं, उत्तर मिळाल्यापासून किंवा मुदत संपल्यापासून ३० दिवसांत, जोडपत्र 'ब', वीस रुपयांचं तिकीट. त्यांनी ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकाल द्यायचा. दुसरं राज्य माहिती आयोगाकडं, ९० दिवसांत, जोडपत्र 'क', पुन्हा वीस रुपये. सोलापूर पुणे खंडपीठात येतं. दोषी अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० दंड, तोही त्याच्या खिशातून. ऐकायला गोड आहे. प्रत्यक्षात आयोगापुढं तुंबलेल्या प्रकरणांचा आकडा राज्यात लाखाच्या पुढं गेला होता. म्हणून म्हणतो, सगळा जोर पहिल्या अर्जावर आणि पहिल्या अपिलावर लावा, आयोगाच्या भरवशावर बसू नका.

आणि अर्जाआधी दोन गोष्टी करा. कलम ४ प्रमाणं प्रत्येक कार्यालयानं सतरा मुद्द्यांची माहिती न मागता जाहीर करायची असते. ती संकेतस्थळावर बघा, कागदांची नावं तिथंच सापडतात. दुसरं, २६ नोव्हेंबर २०१८चा शासन निर्णय. जिल्हा पातळीवरची कार्यालयं आणि महापालिकेसारख्या स्थानिक संस्थांनी दर सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना अभिलेख बघू द्यायचे. त्याची प्रत खिशात ठेवून सोमवारी जा, कारण टेबलावरच्या माणसाला तो माहीत असेलच असं नाही.

दुसरी चिठ्ठी आली, ती मी वाचत नाही. अर्जाचे नमुने दाराजवळच्या टेबलावर आहेत, एकेक घ्या. प्रश्न असतील तर कागदावर लिहून पुढं पाठवा. एका चिठ्ठीवर एकच विषय, आणि 'का'नं सुरू होणारे प्रश्न मी फेटाळणार आहे.